ओवाळणीतला बिबट्या

केनियात मी बिबट्या पाहिला आहे. भर उजेडात, निवांत पहुडलेला, पिल्लांसकट. हे वाक्य मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोला सांगितलं नाही, ऑफिसात सांगितलं नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या ताईला तर नाहीच नाही.

यात लपवण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. लोकांना बिबट्याची शेपटी दिसली तरी ते पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवतात. पण माझी गोष्ट थोडी वेगळी आहे. बोरीवलीच्या एका लहानशा टूर कंपनीत मी बरीच वर्षं टूर लीडर होतो. मराठी माणसांचे ग्रुप केनियाला न्यायचे, त्यांना प्राणी दाखवायचे, वेळेवर पोहे आणि पुरीभाजी खाऊ घालायची आणि सगळ्यांना सुखरूप परत आणायचं, हे माझं काम. दाखवण्यासाठीच मला नेमलेलं होतं. आणि जो एक बिबट्या मला दाखवायलाच हवा होता, तो मी दाखवला नाही.

मी मुळात कमी बोलणारा. टूर लीडरला ते परवडत नाही, म्हणून धंद्यापुरतं बोलणं शिकून घेतलं. माईकवर विनोद करायचे, कुणाच्या वाढदिवसाला केक आणायचा, खिडकी मिळाली नाही म्हणून रुसलेल्या काकूंची समजूत काढायची. घरी आलो की पुन्हा गप्प. माझ्या गप्पपणाचं घरात कुणाला काही वाटत नाही. त्यामुळे त्याच्याआड एखादी गोष्ट ठेवून देणं सोपं जातं.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आम्ही मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत. गिरणी बंद पडली तेव्हा मी चड्डीत शाळेला जात होतो आणि ताई नुकती दहावी झाली होती. ती भांडुपच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली आणि लग्नानंतरही तिथेच राहिली, निवृत्त होईपर्यंत. मशीनच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागली ती कायमची. ताई कानात काही सांगायला वाकली तर शेजारच्या बिऱ्हाडालाही ते कळतं. माझं कॉलेज, माझा टुरिझमचा कोर्स, सगळं तिच्या त्या नोकरीवर झालं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. बाकी सगळं बोलून दाखवते.

ती राहते मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याच्या कॉलनीत. मी बोरीवलीला, नॅशनल पार्कच्या अलीकडे. म्हणजे एकाच जंगलाच्या दोन कडांना आम्ही दोघं. बिबट्याने मनावर घेतलं तर तो झाडाझाडांतून तिच्या दारातून माझ्या दारात येईल. मला मात्र तिच्याकडे जायचं तर सगळ्या जंगलाला वळसा घालावा लागतो.

ताईच्या कॉलनीत बिबट्या येतो. येतो म्हणजे काय, तो तिथला रहिवासीच आहे, फक्त मेंटेनन्स भरत नाही. वॉचमनने त्याला पाहिलाय, दूधवाल्याने पाहिलाय, दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेने तर माहेरून आल्याच्या आठवड्यात पाहिला, कंपाउंडच्या भिंतीवर बसलेला. एकदा संध्याकाळी सगळी बिल्डिंग गॅलरीत येऊन ओरडत होती, "आला, आला!" ताईच्या तव्यावर घावन होतं. तिने आधी घावन उलटलं, मग काढलं, मग गॅस बंद केला, दुधावर झाकण ठेवलं आणि मग गॅलरीत आली. तोवर गडी पसार.

"अख्ख्या मुलुंडला दिसतो, फक्त हिला लाजतो," असं भाऊजी म्हणायचे. भाऊजी तेव्हा होते.

त्या वर्षीची भाऊबीज मला नीट आठवते. मी पाटावर बसलो होतो, ताईने सुपारी ओवाळली, अक्षता टाकल्या आणि निरांजन माझ्या तोंडासमोर धरूनच म्हणाली, "यंदा साडी आणली असशील तर परत ने."

"का गं? रंग बघून तरी घे."

"कपाटात जागा नाही साड्यांना. मला बिबट्या दाखव."

भाऊजी पेपरामागून हसले. "तुझा भाऊ काय सर्कशीत आहे?"

"सर्कशीत नाही तर काय! लोकांना जनावरं दाखवूनच पोट भरतो ना तो? मग सख्ख्या बहिणीला एक दाखवायला काय जातंय त्याचं?" मग माझ्याकडे वळून, "आणि पिंजऱ्यातला दाखवून वेळ मारून नेऊ नकोस हां. मोकळा पाहिजे. इथल्याने तर माझ्याशी कट्टीच घेतलीय."

मी हसत हसत म्हटलं, "बरं. आफ्रिकेतला दाखवतो."

असं बोलायला काही लागत नाही. पण औक्षण झाल्यावर ताम्हनात काहीतरी टाकायचं असतं, आणि त्या वर्षी मी तो शब्द टाकला. पुढे भाऊजी गेले. त्यानंतरच्या भाऊबीजेला ताईचं घर इतकं शांत होतं की मीच म्हणालो, "ताई, चल. पुढच्या ग्रुपमध्ये तुझं नाव घातलंय."

केनियाबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या जंगलांत प्राणी बघायला आलेले दिसायचे ते आमच्यासारखे बाहेरचेच. तिथली माणसं दिसायची ती गाडी चालवताना, बॅगा उचलताना, टेबलं पुसताना. आमच्या ड्रायव्हरला मी एकदा विचारलं, "बायकोमुलांना आणलंस का कधी?" तो म्हणाला, "तू तुझ्यांना नेतोस का, तुमच्या वाघाकडे?" बोरीवलीत राहून मी नॅशनल पार्कात गेलो होतो तो पाहुणे आले की त्यांना गुंफा दाखवायला. गेटच्या आत वीस पावलांवर जंगल सुरू होतं, आणि जंगल म्हणजे काय ते मी परदेशी जाऊन लोकांना समजावून सांगायचो.

पण पुढच्या काही वर्षांत तिथलं चित्र बदलत गेलं. शाळांच्या बसेस दिसायला लागल्या. रविवारी प्रार्थना आटोपून थेट आलेली कुटुंबं दिसायला लागली, ठेवणीतले कपडे, डब्यांत भात आणि कोंबडी, मांडीवर तान्ही मुलं. आपलं जनावर आपल्याच माणसांनी पाहिलं नाही तर उद्या ते राखायला उभं कोण राहणार, असं तिथले गाइड उघड म्हणायला लागले होते. नैरोबीला तर जंगल शहराला खेटूनच आहे, आपल्या बोरीवलीसारखं. गेंडा चरत असतो आणि त्याच्या पाठीमागे उंच इमारती. सुट्टीच्या दिवशी शहरातून तिथल्याच लोकांना घेऊन बस यायची. आमच्या ग्रुपमधले लोक त्या बसकडे जरा त्रासिक नजरेने बघायचे. गर्दी झाली म्हणायचे. गर्दी आमचीच होती, हे मला तेव्हाही कळायचं, पण पाहुण्यांना तसं बोलायचं नसतं.

ताई केनियात जी खुलली! झेब्रा पाहून म्हणाली, "गाढवाला कुणी कॉन्व्हेंटात घातलं रे?" रानम्हशीसारखं, घोड्यासारखं दिसणारं ते गनू पाहून म्हणाली, "ह्याच्या ना, आईबापांचा पत्ता लागायला पाहिजे." हत्तींचा कळप रस्ता ओलांडत असताना तिने गाडीतूनच हात जोडले. सगळी गाडी तिच्यावर खूश.

पण ती गाडी दुसरी होती. आमच्या धंद्यात एक रीत आहे, लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. आपल्या घरचं माणूस टूरवर असेल तर त्याला शेवटची सीट. नाहीतर पाहुणे म्हणतात, बघा, बहिणीला पुढे बसवलं. म्हणून ताई स्वयंपाकी महाराजांसोबत दुसऱ्या गाडीत, मागच्या सीटवर, पुऱ्यांच्या डब्यांशेजारी. पहिली गाडी पोहोचेपर्यंत सिंह बसलेला असायचा, दुसरी पोहोचेपर्यंत उठून चालायला लागलेला. ताईने बहुतेक प्राणी पाठमोरे पाहिले. तक्रार एकदाही नाही. उलट संध्याकाळी मलाच विचारायची, "दमलास ना रे? पाय चेपून देऊ?"

बिबट्या काही दिसत नव्हता. सफारीवाले ज्यांना 'बिग फाइव्ह' म्हणतात त्या पाचांपैकी सिंह, हत्ती, रानरेडा, गेंडा झाले होते. पाचवा राहिला होता. अंधेरीचे एक निवृत्त बँक अधिकारी आमच्यासोबत होते, गळ्यात हातभर लांब लेन्स. ते रोज नाश्त्याला मला विचारायचे, "काय मग, आज तरी? की बिग फोरवरच भागवायचं?" मी हसायचो. ड्रायव्हरांच्या फोनवर बिबट्याची बातमी आली की मी म्हणायचो, घे, पळव. एकाला दिसला की तो दुसऱ्याला कळवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि गाड्यांचा असा गराडा पडतो की जनावराला निघायला वाट राहत नाही. त्या गराड्यात मी किती वेळा होतो. "अजून जवळ घे, अजून जवळ," हे मी ड्रायव्हरच्या कानाशी किती वेळा म्हटलं. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. गिऱ्हाईक खूश, मी खूश.

शेवटच्या दिवशी, संध्याकाळच्या विमानाआधी, नैरोबीच्या त्या शहराजवळच्या जंगलात गेलो. तिथे एका उंचवट्यावर गाडीतून उतरायला परवानगी आहे, लोक तिथे बसून डबे खातात. महाराजांनी पुरीभाजी आणि बेसनाचे लाडू मांडले. ताई पदर खोचून वाढायला. तेवढ्यात बबून माकडं आली आणि शंकरपाळ्यांची एक पिशवी घेऊन पळाली. जो काही गोंधळ उडाला! कुणी काठी शोधतंय, कुणी व्हिडिओ काढतंय, आणि सगळ्यांच्या वर ताईचा आवाज, "अरे मेल्या, एक तरी ठेव!"

मी पाण्याच्या बाटल्या आणायला गाडीकडे निघालो होतो. उंचवट्याच्या पलीकडच्या टोकाला तिथल्या लोकांची बस उभी होती, आणि बसमधली माणसं कडेला उभी राहून खाली दरीत बघत होती. त्यांच्यात काहीतरी वेगळं होतं. दोन पावलं गेल्यावर कळलं, कुणीच बोलत नव्हतं. बापाच्या खांद्यावर बसलेल्या एका पोरीने स्वतःच्या तोंडावर स्वतःचा हात धरून ठेवला होता.

मी त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. खाली, तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यावरची गाय दिसावी एवढ्या अंतरावर, सपाट खडकावर बिबट्याची मादी पडली होती. ऊन खात. दोन पिल्लं तिच्या शेपटीशी झोंबत होती. एक चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. ती मध्येच एका पंजाने त्याला आडवं करायची आणि चाटायची. खडकाच्या खालूनच गाड्यांचा कच्चा रस्ता जात होता. तो रिकामा होता.

माझ्याशेजारी मोठी हॅट घातलेली एक लठ्ठशी बाई होती. ती माझ्याकडे न बघता इंग्रजीत पुटपुटली, "पिल्लं आहेत. कृपा करून कुणाला बोलावू नका."

मी मान हलवली.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तुमच्या देशात आहेत हे?"

"माझ्या घरामागे आहेत."

तिने आता मान वळवून मला नीट पाहून घेतलं. मग हसली. "मग इथवर कशाला आलात?"

किती वेळ उभा होतो, सांगता येणार नाही. मागून ताईची हाक आली. "अरे, काय बघतोयस तिकडे? पुऱ्या गार होतायत!"

ती हाक दरीत उतरली. मादीने मान वर केली, कान पुढे केले आणि आवाजाच्या दिशेने पाहिलं. पळाली नाही. पाहत राहिली. बसमधली माणसंही वळून पाहायला लागली. मी पाठ फिरवून ताईच्या दिशेने चालायला लागलो. ती हातात लाडूची ताटली घेऊन अर्ध्या वाटेवर येऊन पोहोचली होती आणि तिच्या मागून लेन्सवाले साहेब. "काही आहे का हो तिकडे?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "नुसती दरी आहे."

साहेब थांबले आणि पुऱ्यांकडे परत गेले. ताई तशीच उभी होती. माझ्यापासून हाताच्या अंतरावर. कडेपासून फार तर दहा पावलांवर. "काही नाही?" तिने विचारलं.

"काही नाही गं." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिला हलकेच वळवलं आणि परत घेऊन गेलो. जाता जाता तिच्या ताटलीतला लाडू खाल्ला.

हे एवढंच. पण ते मी स्वतःला ज्या ज्या तऱ्हेने सांगत आलो, ते सांगितल्याशिवाय पुरं होणार नाही.

पहिली काही वर्षं मी स्वतःला सांगायचो, मी त्या मादीला वाचवलं. एक फोन गेला असता तर खालचा रस्ता गाड्यांनी भरला असता, पिल्लं पांगली असती. त्या बाईला मी शब्द दिला होता. हे खरंच आहे. त्या दिवसानंतर मी कुठल्याही ड्रायव्हरला "अजून जवळ घे" म्हटलं नाही, हेही खरं. पण साहेब परत गेल्यावर आम्ही दोघंच उरलो होतो. तेव्हा तिचा हात धरून मी तिला कडेपाशी नेऊ शकलो असतो. कुणाला पत्ता लागला नसता.

मग मी स्वतःला सांगायला लागलो की मला हाव सुटली. इतकी वर्षं दुसऱ्यांना दाखवता दाखवता मी स्वतः काही पाहिलंच नव्हतं. लोकांची डोकी मोजत, त्यांचे कॅमेरे धरत, सिंहाकडे पाठ करून उभा असायचो. हे एक तरी माझं असू दे. हेही थोडं खरं आहे, आणि कबूल करायला तसं बरं वाटतं.

पण खरं कारण ह्याहून साधं आहे आणि ते लिहायला हात जड होतो. मला ताईची लाज वाटली. ती तिथे गेली असती तर "अगो बाई गं!" म्हणून ओरडली असती, असं मला वाटलं. त्या नीटनेटक्या, गप्प उभ्या परक्या माणसांसमोर माझी बहीण ओरडेल, आणि ती हॅटवाली बाई माझ्याकडे बघेल, ह्या एका विचाराने मी तिला खांद्याला धरून वळवलं. जो आवाज मला शिकवता शिकवता चढला होता, त्याची लाज.

विमानतळावर साहेबांनी मला सगळ्यांसमोर ऐकवलंच. "आमचा पाचवा राहिला तो राहिलाच." मी काही बोलायच्या आत ताई उठली. "ओ साहेब, माझ्या भावाला बोलायचं काम नाही हां! त्याने जिवाचं रान केलं. जनावर काय त्याच्या खिशात असतं?" सगळी रांग वळून बघायला लागली. साहेब वरमले. मग माझ्याशेजारी बसून तिने माझी पाठ थोपटली आणि तिच्या मते हळू आवाजात म्हणाली, "तू नको वाईट वाटून घेऊस. तुझ्या हातात थोडंच असतं रे ते?"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मग ते दर भाऊबीजेला थोडं थोडं अवघड होत गेलं. ती ओवाळायची आणि म्हणायची, "बिबट्या राहिला हां." मी म्हणायचो, "हो गं." आणि सगळे हसायचे.

कोविडमध्ये टूर बंद पडल्या आणि पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मी परत गेलो नाही. त्याऐवजी एक साधं काम सुरू केलं. रविवारी सकाळी बोरीवली, कांदिवली, घाटकोपरहून येतील त्या माणसांना घेऊन मी नॅशनल पार्कात पायी हिंडतो. परवानगी आहे तेवढ्याच वाटेने. ज्यांनी जन्म इथे काढला आणि पार्कात फक्त होडीत बसले, अशी माणसं. त्यांना पहिल्यांदा करू नावाच्या झाडाची पांढरी साल दाखवताना, हरणाची लेंडी दाखवताना मला जे बरं वाटतं, ते केनियात इतक्या फेऱ्यांत वाटलं नव्हतं. तिथल्या त्या बसमधल्या लोकांची मला फार आठवण येते. आपल्याच घरचं बघायला आलेली माणसं कशी उभी राहतात, ते मी त्यांच्याकडून पाहिलं.

ताई दर रविवारी मुलुंडहून येते. सगळ्यांत आधी. पिशवीत थालीपीठं, पायात नातीचे जुने बूट. तिचं बोलणं चालू असतं आणि मी तिला गप्प करत नाही. हरणं पळतात तर पळू देत, मनात म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात एका वळणावर ती पुढे होती आणि एकाएकी थांबली. ओढ्याच्या काठी चितळाची मादी उभी होती आणि पोटाखाली पाडस, पीत असलेलं. आम्ही सगळे मागे थांबलो. मला वाटलं, आता ताई बोलेल. ताई हलली नाही. थालीपीठाची पिशवी छातीशी धरून ती तशीच उभी राहिली, किती तरी वेळ. श्वासाचासुद्धा आवाज नाही. पाडसाचं पोट भरलं, दोघं झाडीत गेली, तेव्हा कुठे तिने पिशवी खाली केली.

मी म्हटलं, "ताई, तू आणि एवढी गप्प?"

"अरे, बाळंतीण होती ना ती," ताई म्हणाली. "बाळंतिणीच्या खोलीत कुणी ओरडतं का?"

बाकीचे हसले, पुढे निघाले. मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने तिथेच खाली बसलो. त्या खडकावर पण बाळंतीणच होती.

आता हे सगळं का लिहितोय ते सांगतो. ताईची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. सामान बांधून ती बदलापूरला लेकीकडे जाणार, नवी इमारत होईपर्यंत. मागच्या भाऊबीजेला अर्धं घर खोक्यांत होतं. पाट सापडेना म्हणून तिने मला खोक्यावरच बसवलं आणि ओवाळलं. मग ताम्हन खाली ठेवून म्हणाली, "ऐक. बदलापूरला काही तो यायचा नाही आणि आता माझे गुडघेही तुझ्या मागून फार दिवस हिंडायचे नाहीत. तेव्हा बिबट्या माफ केला तुला."

"अगं, असं काय..."

"माफ म्हणजे माफ. तू प्रयत्न केलास ना? माझ्यासाठी नेलंस तिकडे, जंगल जंगल हिंडलास. नाही दिसला, नाही दिसला. तोंड पाडून बसू नकोस, करंजी खा."

मी करंजी खाल्ली. बोरीवलीला परत येताना, जंगलाला वळसा घालताना, मला सरळ दिसत होतं की जे मी केलं नाही त्याबद्दल मला माफी मिळाली आहे, आणि जे केलं ते तिला ठाऊकच नाही. तोंडाने मला हे सांगता येणार नाही, तिच्यासमोर माझा आवाज फुटत नाही. पण ताई दिवाळी अंक वाचते, लायब्ररीतून आणून, एकही पान न सोडता, मोठ्याने.

तेव्हा ताई, तू हे बदलापूरच्या बाल्कनीत मोठ्याने वाचत असशील, तर वाच. ती मादी पिवळ्याहून जरा गडद होती, भिजलेल्या मातीसारखी. एक पिल्लू धीट होतं, एक आईला चिकटलेलं. आणि तू हाक मारलीस तेव्हा तिने तुझ्या आवाजाकडे पाहिलं. तुला नाही दिसली ती, पण तिने तुला ऐकलं होतं. मी सोडून तिथल्या कुणालाही तुझ्या आवाजाची लाज वाटली नव्हती. तुला चिडायचं असेल तर रविवारी येऊन चीड. बदलापूरहून पहिली गाडी लवकर असते, मी गेटवर असेन.

तू तिथे "काही नाही?" म्हणून विचारलंस, त्याचं खरं उत्तर तुला हे दिलं. बिबट्या मी अजून तुला देणं लागतो.